केकमधलं बीट

प्रिय ताई,

प्रिय लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं, लगेच हुरळून जाऊ नकोस. तुझे तीन फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. तोंडाने भलतंच बोलून गेले असते.

शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना तू भाज्या वाटून, गाळून, बेमालूम खाऊ घालतेस, ते कौतुक तुझ्यापाशीच ठेव. माझी भिंगरी काही तुझी दोनशे एकावी नव्हती. चार वर्षांची पोर. वाढदिवसाला मावशीने केलेला चॉकलेटचा केक म्हणून तिने मिटक्या मारत दोन तुकडे खाल्ले. तेवढ्यावर गप्प बसायचं ना! पण नाही. सगळ्या पाहुण्यांसमोर टाळ्या पिटून जाहीर केलंस, की बघा, हिने बीट खाल्लं! सगळे हसले. ती हसली नाही. तुला ते दिसलंसुद्धा नाही, तू आपलीच पाठ थोपटण्यात दंग.

आज अकरावा दिवस. ती पाव फाडून आत बघते, भात चिवडून बघते, दुधाचा वास घेते. मी सोललेलं केळंसुद्धा ती ढकलून देते. डॉक्टरीणबाईंनी तिचं वजन केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, की धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

आणि हे करणारी तू! कोबी संपल्याशिवाय आई पानावरून उठू द्यायची नाही, तेव्हा तिची पाठ वळली की माझ्या पानातला कोबी गपकन गिळायचीस. तुलाही तो आवडत नव्हता, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आता खरं लिहिते. केक कापायच्या आधी भिंगरीने मला कानात विचारलं होतं, यात भाजी नाही ना? बीट मीच तुला सोलून दिलं होतं. तरी म्हटलं, नाही गं राणी. तू नुसतं लपवलंस, खोटं मी बोलले. म्हणून तर ती तुझ्यावर रुसलेली नाही, मावशी कधी येणार म्हणून रोज विचारते. तिला नको झालंय ते माझ्या हातचं. रविवारी ये. अख्खं बीट आण, तिच्यासमोर चीर, तिला हवं असेल तर खाऊ दे. मला वाट्टेल तेवढं बोल, पण ये. माझ्या पानातलं तू आणखी एकदा निस्तर.

तुझीच,
धाकटी