माझंच नाव, आणि कुणी उठेना

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? दाजींचा खोकला आणि राग दोन्ही आटोक्यात असतील, अशी आशा करतो. आम्ही सगळे ठणठणीत. मी तर जरा जास्तच, कारण ताई, तुझा भाऊ परवा या देशाचा नागरिक झाला. (उभ्याने वाचत असशील तर आधी बस.)

तुला ठाऊकच आहे, घरात मी एकटाच परका उरलो होतो. पोरं इथेच जन्मलेली, हिने तर गेल्या वर्षीच नागरिकत्वाची परीक्षा देऊन टाकली. विमानतळावर ती तिघं एका रांगेतून भुर्रकन बाहेर पडायची, मी दुसऱ्या रांगेत सगळ्यांचं सामान धरून उभा. पलीकडून माझ्याकडे अशी बघायची, जसं काही मला ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं, हे त्यांनीच ठरवायचंय. शेवटी मीही अर्ज केला, आणि स्वयंपाकघरात माझी शाळा भरली. ही भांडी घासता घासता प्रश्न विचारायची आणि मी चुकलो की पोरं खिदळायची. बस चालवतानासुद्धा सिग्नलला थांबलो की मी कायदेमंडळाची कामं पुटपुटायचो. रोज पुढच्या सीटवर बसणाऱ्या एका आजीबाईंना वाटलं, ब्रेक लागेनात म्हणून ड्रायव्हर देवाचा धावा करतोय. त्या उठून पार मागे जाऊन बसल्या.

मुलाखतीत साहेबाने पहिलाच प्रश्न टाकला, नागरिकाचं कर्तव्य कोणतं? सगळं पाठांतर एका क्षणात साफ. तोंडातून निघून गेलं, "कुणी धावत येताना दिसलं तर बस थांबवायची." साहेब म्हणाला, हे पुस्तकात नाही. मी म्हटलं, वेळापत्रकातही नाही, म्हणून तर आम्हाला रोज उशीर होतो. तो हसला नाही, पण पुढचे प्रश्न त्याने सावकाश विचारले आणि ते मला आले.

मग शपथेचा दिवस. मोठं सभागृह, लग्नातला कोट (बटण लावलं की श्वास बंद), आणि मागच्या रांगेत ही आणि पोरं. तिथल्या अधिकारी बाई एकेकाचं नाव पुकारत होत्या. एक नाव आलं, कुणी उठेना. पुन्हा पुकारलं, तरी कुणी नाही. शेजारी माझ्यासारखाच शपथेला आलेला एक सुतार बसला होता, त्याला मी म्हटलंसुद्धा, बघा, एवढी खटपट करून ऐन वेळी आला नाही बिचारा. तिसऱ्यांदा पुकारल्यावर मागून हिचा आवाज घुमला, "अहो, तुम्हीच ते! उठा!" ताई, आपल्या वडिलांनी ठेवलेल्या नावाची त्या बाईंनी अशी काही मोडतोड केली होती, की मालकालाच ओळख पटेना. सगळं सभागृह हसलं. पण हात वर करून शपथ म्हणताना मी मध्येच अडखळलो, तेव्हा कुणी हसलं नाही. सुताराने नुसता माझा कोपर धरला. परत जागेवर आलो तर धाकटी टाळ्या वाजवून वाजवून लालबुंद झालेली. अभिमान छातीत मावत नव्हता. (कोटाचं बटण तिथेच तुटलं.)

दुसऱ्या दिवशी डेपोत सगळ्यांनी हात मिळवले. बसमध्ये एक गृहस्थ नेहमी विचारतात, तुम्ही कुठले? त्या दिवशी ताठ मानेने सांगितलं, "इथलाच!" ते म्हणाले, "ते झालंच हो, पण मूळचे?" मग मी आपलं गाव सांगायला घेतलं, आपली गल्ली, विहीर, तू शिकवलेलं पोहणं. त्यांचा थांबा कधीच मागे गेला. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझाच,
धाकटा

ता. क. – एक छोटंसं काम होतं. आता मी तिकडे परदेशी ठरलो, त्यामुळे तुझ्याकडे यायचं तर व्हिसा लागतो. कचेरीवाले म्हणतात, तिथल्या कुणाचं तरी निमंत्रणपत्र आणा. तेवढं पाठव. त्यात पाहुण्याच्या वर्तणुकीची हमी द्यावी लागते. तिथे डोळे मिटून सही कर.

ता. क. २ – दाजींना विचारू नकोस. ते मला ओळखतात.