सात नंबरच्या टेबलावरचे आजार

सौ. ताईस,

बसल्या जागेवरूनच नमस्कार. (कमरेत वाकणार होतो, पण गुरुवारी केलेली स्लिप डिस्क अजून अंगातून उतरलेली नाही.) दाजींचा गुडघा काय म्हणतो? तुझा खोकला थंडीपुरताच आहे ना, की मुक्काम ठोकलाय? भाचीचं बाळ रात्री झोपू देतं का? आमच्याकडे सगळं ठीक. पत्र लिहायला खास कारण असं काही नाही. नुसता दमलोय, आणि दमलेल्या माणसाला सख्ख्या बहिणीखेरीज कोण झेलणार, म्हणून लिहायला बसलो.

तुला माहीतच आहे, लायब्ररीतून रिटायर झाल्यावर मी घरात बसून हिच्या डोक्यावर मिऱ्या वाटत होतो. शेवटी हिनेच मला मेडिकल कॉलेजात चिकटवलं. काम काय, तर आजारी पडायचं! खरं नव्हे, नाटकातलं. परीक्षेच्या हॉलमध्ये पडदे लावून टेबलं मांडलेली असतात आणि प्रत्येक टेबलावर एकेक खोटा पेशंट आडवा. मी सात नंबरवर. सकाळी हातात एक कार्ड पडतं. त्यावर आजचा आजार, आजचं वय, आजचा धंदा, आजची व्यसनं. ते पाठ करायचं. मग घंटा वाजली की पोरं एकामागून एक येऊन काय होतंय म्हणून विचारतात, आपण कण्हायचं, आणि बाजूला बसलेल्या मॅडम त्यांना मार्क देतात. (आम्हाला नाही. आम्ही नुसते कण्हतो.)

लोकांना वाटतं, पडून राहायचं काम, मजा आहे. एकदा मुतखडा करून बघा म्हणावं! त्यात क्षणभर स्वस्थ पडायचं नाही, सारखं या कुशीवरून त्या कुशीवर. अपेंडिक्समध्ये मात्र हलायचंच नसतं, म्हणून ते माझ्या विशेष आवडीचं. एकदा तर त्यात मला चक्क डोळा लागला, आणि एका पोराने मला बेशुद्ध ठरवून सगळा हॉल डोक्यावर घेतला. अर्धशिशीही बरी, उजेड सोसत नाही म्हणून डोळे मिटून घेता येतात. मलेरियात कुडकुडून दाढा दुखतात. गाउटमध्ये पायाच्या अंगठ्याला चादरसुद्धा लागू द्यायची नसते आणि पोरं नेमका तोच दाबतात. डिप्रेशनमध्ये मान खाली घालून एकेका शब्दात उत्तर द्यायचं. (ही म्हणते, ते तुम्ही घरी फुकटात करता.) कावीळ माझ्या वाट्याला कधी आली नाही, पिवळे डोळे आणायचे कुठून? त्याला खरे पेशंट बोलावतात, आणि ते आम्हा खोट्यांशी जरा तोऱ्यातच वागतात. अर्धांगवायूच्या दिवशी तर दिवसभर तोंड वाकडं ठेवून ते सरळ करायचं विसरलो आणि तसाच घरी आलो. हिच्या हातातून पातेलं पडलं. खरा प्रकार कळल्यावर तिने ते उचललं, तेव्हा मी दोन पावलं मागे सरलो. त्या दिवसापासून या घरात माझ्या दुखण्यावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

आता हल्ली काय होतं, जिना चढताना मधल्या वळणावर थांबावं लागतं. छातीवर कोणी पाय देऊन उभं राहिल्यासारखं वाटतं, डावा हात जड होतो, घाम फुटतो. थांबलं की जातं. हिला सांगितलं, तर वाटाणे सोलता सोलता म्हणाली, "तालीम गॅलरीत करा, मला इथे पसारा आहे." तिचं तरी काय चुकलं म्हणा! रोज नव्या आजारातून उठून जेवायला बसणाऱ्या नवऱ्याचं कुठवर करायचं?

शेवटी कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो. आत जाऊन बघतो तर खुर्चीत कोण, माझाच अंगठा दाबून पास झालेलं पोरगं! "अरे, सात नंबरवाले काका!" म्हणून त्याने चहा मागवला. मी म्हटलं, बाबा रे, आज खरं आहे. तो बिचारा लगेच गंभीर झाला, पेन उघडलं. तेवढ्यात बाहेर कंपाउंडरने पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली, आणि ताई, मी माती खाल्ली. त्याने वय विचारलं, मी म्हटलं अठ्ठेचाळीस. धंदा विचारला, म्हटलं ट्रक चालवतो. सिगारेट? रोजची दोन पाकिटं! (जन्मात ओढलेली नाही, तुला ठाऊक आहे.) घंटा ऐकली की कार्डच बाहेर पडतं, करू काय? वर हाताची मूठ आपोआप छातीवर गेली, ती कशी ठेवायची हे मॅडमनीच शिकवलेलं. पोरगं हसून हसून बेजार. काका, दहापैकी दहा, म्हणाला. मी शपथ घातली, तर म्हणे शपथेचा एक जास्त.

मी उठलो नाही. उठवेचना. तसाच बसून राहिलो, तेव्हा कुठे त्याचं हसू ओसरलं. मग तारा लावून छातीची ईसीजीची पट्टी काढली, ती दोनदा पाहिली, आणि सोमवारी मोठ्या डॉक्टरकडे जायलाच हवं म्हणाला. चहा आला होता तो तसाच राहिला. असो. नवे डॉक्टर जरा घाबरटच असतात.

दाजींना नमस्कार, बाळाला पापा.

तुझा
धाकटा

ता. क. दाजींना म्हणावं, गुडघ्याखाली उशी घेऊन झोपू नका. तसं झोपलेल्या पेशंटला मॅडम ओरडतात.

ता. क. दुसरा. त्या पोराने आणखी एक विचारलं, वडिलांना काय झालं होतं? कार्डावरचे माझे वडील आजवर इतक्या तऱ्हांनी वारलेत की मला खरे सांगता येईनात. तेव्हा मी चड्डीतला, मला मामाकडे धाडलं होतं. परत आलो तर बाबा नव्हते. 'पडले' एवढंच सगळे म्हणायचे, आणि आईसमोर विषय काढायची सोय नव्हती. तू मोठी होतीस. पडायच्या आधी चढावर ते थांबायचे का गं?

ता. क. शेवटचा. उत्तर लिहू नकोस, सोमवारच्या आत निघून ये. मोठ्या डॉक्टरसमोर मी तोंड उघडणार नाही, सगळं तूच सांग. मला भीती वाटतेय, ताई. हिला पट्टीचं अजून काही बोललो नाही. बोललो तर ती पुन्हा वाटाणे सोलत बसेल. तू दारात दिसलीस की मात्र तिला कळेल.