दाराबाहेरची पाहुणी

प्रति,
मा. प्राचार्य,
अध्यापक विद्यालय व संलग्न सरावशाळा.

विषय : इयत्ता पाचवीच्या दाराबाहेर बसणाऱ्या मुलीस वर्गात बसू देण्याबाबत.

संदर्भ : आदर्श पाठात व्यत्यय आणल्याबद्दल वर्गशिक्षिकेस मिळालेली आपली कारणे दाखवा नोटीस.

महोदय,

वरील नोटिशीच्या उत्तरादाखल अर्जदार, म्हणजे सरावशाळेच्या पाचवीची वर्गशिक्षिका, सविनय सादर करते की, व्यत्यय आला हे खरे आहे. तो कसा आला, एवढे मात्र नोटिशीत यायचे राहून गेले आहे.

१. 'जागतिक नागरिकत्व व शाश्वत विकास' हा विषय प्रशिक्षणात आल्यापासून आपले छात्राध्यापक अर्जदाराच्या वर्गावरच हात साफ करतात. 'जग हे एक कुटुंब' हा पाठ मुलांनी इतक्यांदा ऐकला आहे की, शिकवणारा अडखळला तर मुलेच त्याला पुढचे वाक्य सांगतात. प्रत्येक तुकडी नवे तक्ते करते आणि जुने कुंपणामागे फेकते. शाश्वत विकासाचा हा ढीग आता खिडकीला टेकला आहे. भागाकार मात्र अजून सुरू व्हायचा आहे.

२. वर्गाच्या दाराबाहेर एक मुलगी बसते. परदेशातून जीव मुठीत धरून आलेल्या कुटुंबातली आहे. तिची आई आपल्याच सभागृहाची झाडलोट करते. मुले तिला 'पाहुणी' म्हणतात. तिला प्रवेश नाही, कारण मागल्या शाळेचा दाखला नाही. आणि दाखला नाही, कारण ती शाळाच आता उभी नाही. हे कार्यालयात सांगितले असता मोठ्या बाबूंनी, "मग तसं त्या शाळेकडूनच लिहून आणा ना," असे सुचवले. अर्जदाराने त्यांच्यासमोर कपाळावर हात मारून घेतला नाही, याची नोंद व्हावी.

३. बाहेर बसूनच ती मराठी शिकली. छात्राध्यापकांनी ढिगात टाकलेली पाठ टाचणे, म्हणजे पाठाच्या आखणीचे कागद, उचलून, त्यांच्या कोऱ्या बाजू शिवून तिने वही केली. टाकाऊतून टिकाऊ या घटकासाठी अर्जदाराने ही वही दाखवायला सुचवली, तेव्हा ती साहित्याच्या मंजूर यादीत नसल्याचे कळवण्यात आले.

४. आदर्श पाठाला बाहेरून परीक्षक आले होते. छात्राध्यापिकेने विचारले, "परदेशातून एखादी मुलगी आपल्याकडे आली, तर तुम्ही काय कराल?" वर्ग एका सुरात ओरडला, "शेजारी बसवू!" यानंतर रिकाम्या जागेवर पुठ्ठ्याची मुलगी ठेवायची, असे टाचणात होते. तेवढ्यात वर्गातल्या दोघी बहिणी उठल्या, पाहुणीला हाताला धरून आत घेऊन आल्या आणि त्या जागी बसवून मोकळ्या झाल्या. परीक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, हे टाचणातच आहे. मग आपण त्यांच्या कानात काही सांगितलेत. टाळ्या थांबल्या, मुलीला बाहेर नेण्यात आले, पुठ्ठ्याची मुलगी बसली आणि पाठ पुन्हा प्रस्तावनेपासून झाला. त्यास 'उत्कृष्ट' असा शेरा मिळाला.

५. शाळा सुटताना त्या बहिणींनी विचारले, "बाई, आमचं उत्तर चुकलं का?" अर्जदार "नाही" म्हणाली. नोटिशीत हा गुन्हाही घालावा. त्या दिवसापासून पाहुणी दारापासून लांब बसते आणि कोणी हाक मारली तरी मान वर करत नाही. अर्जदाराला याचा संताप येतो आणि तो आवरण्याची इच्छा नाही.

६. सबब, मुलीस रीतसर प्रवेश द्यावा, ही विनंती. नियमात ते बसत नसल्यास अर्जदाराने दुसरा मार्ग शोधला आहे. बाके, फळा, पृथ्वीगोल व ती पुठ्ठ्याची मुलगी यांची नोंद शाळेच्या सामानाच्या जडसंग्रह नोंदवहीत आहे. त्यांच्यापैकी कोणाकडेही मागल्या शाळेचा दाखला मागितलेला नाही. तरी या मुलीची नोंदही त्याच वहीत, शैक्षणिक साधन म्हणून, करून घ्यावी. म्हणजे तिला वर्गात ठेवता येईल, उन्हापावसात बाहेर टाकता येणार नाही, आणि वर्षातून एकदा तरी कोणी येऊन ती सुस्थितीत आहे की नाही, हे पाहून जाईल.

एवढे झाल्यास व्यत्ययाची जी शिक्षा असेल ती अर्जदार बिनतक्रार घेईल.

आपली, अजून तरी, नम्र,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता पाचवी

दिनांक : नोटिशीच्या मुदतीचा अखेरचा दिवस

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. पाठ टाचणांच्या कोऱ्या बाजूंची वही. (वापर चालू आहे. पाहून लगेच परत करावी. मुलीकडे दुसरी नाही.)