आईसाठी घेतलेला गॅस गिझर

मेकनेस, सोमवार

प्रिय यामना मावशी,

दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास, म्हणून लिहिते आहे. मशिदीतल्या वर्गात तू अक्षरं शिकलीस, औषधाच्या बाटलीवरचंही आता वाचतेस, हे आईला किराणावाल्याकडून कळलं. मला सांगताना ती अशी खुलली होती, जणू परीक्षा तीच पास झाली. अक्षर मोठं काढते आहे. सुनेकडून वाचून घेऊ नकोस. यात माझ्या लाजेचं बरंच आहे.

दीड वर्षापूर्वी मला इथल्या शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली, तेव्हा पहिल्या पगारातून काय घ्यायचं हे ठरलेलंच होतं. त्या हिवाळ्यात आई तुझ्या हमामातून अंघोळ करून परतताना बर्फावर घसरली होती आणि मनगट महिनाभर सुजलं होतं. बाबा गेल्यापासून ती आपल्या अझरूच्या त्या थंडीत एकटी. माझ्या आईला गरम पाण्यासाठी बादली घेऊन गल्ल्या तुडवाव्या लागू नयेत, हे मला फार मोठं काम वाटत होतं. घरात पदवी घेतलेली मी पहिली, तेव्हा घर बदलायचं ते मीच, असं काहीतरी डोक्यात होतं. दुकानदार दहा लिटरचा गॅस गिझर गळ्यात मारत होता. मी मात्र आधी घरी बादली आणि घड्याळ घेऊन नळाची धार मोजली होती. आपल्या वरच्या आळीत पाण्याला जोर नाही. तिथे मोठा गिझर धड पेटलाच नसता, एका नळाला सहा लिटरचा पुरे होता. टाकी नाही, नळ सोडला की ज्योत पेटते, बंद केला की विझते. मला तो फार प्रामाणिक वाटला.

बसवायला हम्मादी आला. पाइप वाचतो म्हणून तो न्हाणीतच लावायला निघाला. मी अडून बसले. ज्योत खोलीतली हवा खाते आणि माणसाला कळतही नाही, म्हणून गिझर मागच्या छपरीखाली, उघड्या जागेतच हवा, आणि धुराची नळी थेट वर गेली पाहिजे. तो म्हणाला, "मास्तरीणबाई, तीस वर्षं बसवतोय, अजून एकाचीही तक्रार नाही." मी म्हटलं, मेलेला माणूस तक्रार घेऊन येतो का? आई इतकी हसली की हातातला चहा सांडला. मग मी तिला सगळं शिकवलं. ज्योत निळी हवी, पिवळी दिसली तर लगेच बंद करायचं. नळ पूर्ण सोडायचा. पाणी आटोपलं की सिलिंडर बंद. सहा महिन्यांनी हम्मादीला बोलावून आतला क्षार काढून घ्यायचा आणि बॅटऱ्या बदलायच्या. गोठायची लक्षणं दिसली तर आतलं पाणी सोडून द्यायचं. कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं. आईला वाचता येत नाही, हे माझ्या ध्यानातही आलं नाही, मावशी. ती मान डोलवत होती.

दुसऱ्याच दिवशी गुरुवार होता. आई तुझं सामान परत द्यायला निघाली होती, तुझी घमेली आमच्याकडे राहिली होती. मी सोबत आले. तू हमामाच्या दारात बायकांच्या पिशव्या सांभाळत बसली होतीस आणि हसत आईला म्हणालीस, "काय गं तूदा, आता आमची वाफ नको झाली वाटतं?" ती थट्टा होती. तू तर मी दोन वर्षांची असल्यापासून मला मांडीवर घेऊन घासलं आहेस, मी ओरडले तर चापटही दिली आहेस. तरीही मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "दुसऱ्यांच्या मळाच्या पाण्यात बसायचे तिचे दिवस संपले." आईने घमेली खाली ठेवली आणि ती माझ्या मागून चालत घरी आली. वाटेत मी तिला गिझरबद्दलच सांगत होते.

त्यानंतर ती तुझ्याकडे आली नाही, हे तुला माहीत आहे. मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तिला आता गरजच उरली नाही. दर गुरुवारी मी फोन करायचे, पाणी कसं आहे विचारायचे, आणि ती म्हणायची, झकास आहे, नुसता नळ फिरवायचा. मी वर्गातल्या मुलींना अभिमानाने तिची गोष्ट सांगायचे.

गेल्या आठवड्यात सुट्टी लागली आणि न कळवता गेले. आई अंथरुणात होती. सहा दिवस ताप होता. या सहा दिवसांतल्या गुरुवारीही ती मला फोनवर झकास म्हणाली होती. आधी हमामाचा एखादा गुरुवार तिने चुकवला असता तर संध्याकाळी तू दार ठोठावून शिव्या घातल्या असत्यास. आता ठोठावणारं कोणी नव्हतं. तिला अंग पुसायला पाणी हवं म्हणून मी मागे गेले. गिझर पेटेना. खालचं झाकण उघडलं तर बॅटऱ्या फुगून पांढरी भुकटी झालेली. कितीतरी महिने तो कोणी पेटवला नव्हता. चुलीवर किटली होती आणि न्हाणीत लाकडी पळी. पळीच्या दांड्याला अंग घासायचा खरखरीत हातमोजा सुतळीने बांधला होता, पाठीसाठी. मी तो सोडवून घेऊन तिची पाठ घासायला गेले, तर ती भिंतीला टेकून बसली आणि तिने मला हात लावू दिला नाही.

मी विचारलं, बिघडला तर सांगितलं का नाही. मी नव्या बॅटऱ्या आणते, हम्मादीला बोलावते, क्षारही काढून घेते. ती मग म्हणाली, "अगं, पाणी तापवेल तो. 'तूदा, सरक जरा, माझी पाठ बघ,' असं कोण म्हणणार?" आणि लगेच म्हणाली, "तू एवढ्या हौसेने आणलास गं, चांगला आहे तो."

मावशी, तिने मला दोष दिला नाही. ती लाजेनं आली नाही. मुलीचं बोलणं तिचंच बोलणं धरलं जाईल, याची लाज. मी येत्या गुरुवारी बायकांच्या वेळेला येणार आहे आणि तुझ्या दारात उभी राहून, तेव्हा म्हटलं होतं तितक्याच मोठ्याने, मी चुकीचं बोलले असं म्हणणार आहे. तू तोंड फिरवलंस तरी म्हणेन. पण हे पत्र माफीसाठी नाही. ताप उतरल्यावर मी आईला विचारलं, माझ्याकडे मेकनेसला येतेस का, कायमची. चौथा मजला, दोन खोल्या, शेजारी कोण राहतं ते मलाही ठाऊक नाही. ती पटकन हो म्हणाली. मी आणलेल्या प्रत्येक गोष्टीला ती हो म्हणते, हे मला आता कळलं आहे. रविवारी टेम्पो ठरला आहे. खरं सांगायचं तर मला ती इथे हवी आहे. मी एकटी जेवते, एकटी वह्या तपासते, आणि दार उघडल्यावर घरात कोणी असावं असं फार वाटतं. म्हणूनच तिच्या हो म्हणण्याचा अर्थ लावताना माझा माझ्यावर भरवसा नाही. तू शनिवारच्या आत तिच्याकडे जा. मी लिहिल्याचं सांगू नकोस, गोडही बोलू नकोस, ते तिला दयेचं वाटेल. कुठे मेली होतीस इतके दिवस, असं ओरड. ती उलट ओरडली तर तिचा जीव तिथेच आहे; मला कळव, मी टेम्पोवाल्याला नको म्हणून सांगेन. नाही ओरडली, तर ती निमूट माझ्यासोबत येईल, आणि मी तिला घेऊन जाईन.

अजून म्हणू देत असशील तर, तुझीच
सिहाम