तोरू ओढ्यात का बसला

चिरंजीव सायरा हिस,

थोरली बहीण, म्हणजे तुझी एजे, कालिपा हिचे पोटभर आशीर्वाद. तुला एक बहीण आहे आणि ती नारिनच्या वर डोंगरात राहते, हे तुझ्या ध्यानात असेल असं धरून चालते. तुझं मागचं पत्र सूनबाईने वाचून दाखवलं. त्यात आमच्या तांबड्या गायीचा लंगडा पाय बरा झाला का, म्हणून तू फार कळकळीने विचारलं आहेस. सायरा, ती गाय तुझ्याच लेकीच्या लग्नात आपण खाल्ली. तू दोनदा वाढून घेतलंस आणि गाय चवीची होती म्हणालीस. तेव्हा तिचा पाय आता दुखत नसावा.

असो. तुमच्याकडची गुरं-माणसं सुखरूप आहेत ना? (ओशसारख्या शहरात तुझ्याकडे गुरं नाहीत हे मला ठाऊक आहे, पण आधी गुरांची चौकशी केल्याशिवाय माणसांची कशी करायची, ते मला जमत नाही.) जावईबापूंचा खोकला कसा आहे? आमच्याकडे सगळे ठीक. पत्र नेहमीप्रमाणे सूनबाई जिपार लिहिते आहे. शाळेतून घोडा पळवून मी घरी आले त्या दिवसापासून अक्षराचं आणि माझं बोलणं नाही, हे तरी तू विसरली नसशील. जिपारला मी बजावलंय की मी बोलेन ते सगळं लिही, तुला लाज वाटली तरी लिही. ती मान हलवते आहे. मानेचं कागदावर काय उमटतं ते तूच बघ.

आता मुख्य हकीकत ऐक आणि बसून ऐक. गेल्या पानगळीत आम्ही वरच्या कुरणातून खाली उतरत होतो. पुढे मेंढरं, मागे तंबूचं सामान आणि मध्ये मी, आपल्या तोरू घोड्यावर. ओढ्याच्या मधोमध आलो आणि तोरू बसला. ठेचकाळला नाही, घसरला नाही. एखाद्या पाहुण्याने गादीवर बसावं तसा पुढचे पाय दुमडून, मग मागचे दुमडून, शांतपणे बसला. मी त्याच्यावर तशीच, कमरेपर्यंत बर्फाच्या पाण्यात. साठ वर्षं घोड्यावर बसते आहे मी, घोडा माझ्याखाली बसलेला कधी पाहिला नव्हता. काठावर सगळा काफिला थांबला. मेंढरंसुद्धा बघत होती.

घरी आल्यावर माझा मक्सात (तो तर आठवतो ना? तुझा भाचा, मोठ्या कानांचा) मिशीवर हात फिरवत म्हणाला, "आपा, घोड्यात काही खोट नाही. तू जड झालीस." आपा, म्हणजे आई, म्हणून जिने याला कडेवर घेऊन हिंडवलं, तिला हा हे म्हणतो. पुढे म्हणाला, मोटारगाडी पुलापर्यंतच जाते, पलीकडे घोड्याशिवाय वाट नाही. वसंतात वर निघायच्या आधी हलकी झालीस तर तोरूवरून चल, नाहीतर यंदा गावात राहा, टीव्ही लावून देतो. सायरा, माझा जन्म त्या कुरणात झाला. मी पाळण्यात असल्यापासून एक उन्हाळा खाली काढलेला नाही. गावात उन्हाळ्यात कोण राहतं? कुंपणं आणि कोंबड्या. मी त्या रात्री जेवले नाही. (जिपार म्हणते, जेवलात. थोडं जेवले.)

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई एवढीशी, माझ्या दंडाएवढी तिची कंबर. तिने गुडघे दाबले, सुस्कारा सोडला आणि सांगितलं की नान बंद, साय बंद, चरबी बंद आणि रोज गावातून लांबवर चालायचं. मी विचारलं, मग उरतं काय? म्हणाली, हवा आणि पाणी. एवढ्यासाठी राजधानीत जाऊन शिकावं लागतं हे ऐकून मी थक्क झाले.

पण मी कालिपा. बोलले की बोलले. घरात त्या दिवसापासून मी नानला हात लावला नाही. चहात साय नाही, कोऱ्या चहाने जीभ काळी पडली. जिपार नान भाजायला लागली की मी गोठ्यात जाऊन बसायची आणि तोरूला म्हणायची, बघ, तुझ्यामुळे. रोज सकाळी टोपी घालून, काठी घेऊन चालायला निघायची. गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

आणि इथेच मी फसले. तू शहरात राहून विसरली असशील, पण गावात म्हातारं माणूस फाटकावरून नुसतं कसं जाणार? पहिल्या फाटकात शेजारीण तोक्तोबू उभी. "आपा, ताजी नान काढली आहे, तोंडाला लावून जा." समोर आलेल्या नानचा तुकडा मोडल्याशिवाय पुढे जायचं नसतं, ते अन्नाचा आणि घराचा अपमान केल्यासारखं. मी तुकडा मोडला. नुसता तुकडा कोण देतं? सोबत साय आली. सायीबरोबर जर्दाळूचा मुरंबा. पुढच्या फाटकात तेच. त्याच्या पुढच्यात कणकेचे बोरसोक तळले होते, गरम, फुगलेले. जितकी लांब चालायची तितकी जास्त फाटकं लागायची. पण माझा हिशेब साफ होता. घरात खाल्लं ते खाणं, वाटेत तोंडाला लावलं तो रिवाज. रिवाजाने कोणी जाड होतं हे मी आजवर ऐकलं नव्हतं.

हिवाळा सरत आला तेव्हा मक्सातने मला लोकर तोलायच्या काट्यावर उभं केलं. लोकरीच्या गोदामात, चार माणसांदेखत. काटा बघून काटेवाल्याने टोपी काढली. मी पानगळीत होते त्याहून जड झाले होते. मी म्हटलं, काटा बिघडलाय. म्हणून त्यांनी एक एडका आणून चढवला. एडका बरोबर भरला. मग मी पुन्हा चढले. मी पुन्हा तेवढीच. एडका माझ्याकडे बघत होता, त्याची नजर मी विसरणार नाही.

त्या दिवशी मी म्हटलं, संपलं, टीव्ही लावा. पण जिपार बिचारी गुडघ्यांना तेल चोळता चोळता म्हणाली, "आपा, घरातली नान तर सोडलीत ना तुम्ही? आता बाहेरचीही सोडा." (हे लिहिताना ती लाजते आहे. लिही गं.) म्हणून मी दुसऱ्या दिवशी तोक्तोबूच्या फाटकाशी छातीवर हात ठेवून, अगदी आदबीने म्हटलं, आज नको. एवढंच. तिचा चेहरा उतरला. दुपारपर्यंत गावात बातमी फिरली की कालिपाने तोक्तोबूशी वैर धरलं. कशावरून, यावर तीन मतं होती, त्यातली दोन तर मलाही नवीन होती. तिसऱ्या दिवशी पांढऱ्या दाढीची चार मंडळी आमच्याकडे समेट घडवायला आली. समेट म्हटला की मेंढा कापणं आलं. मेंढा कापला की मानाचा वाटा थोरल्या बाईला, आणि थोरली बाई मीच. दुंब्याच्या शेपटीची पांढरी शुभ्र चरबी, तळहाताएवढी, खुद्द तोक्तोबूने स्वतःच्या हाताने माझ्या तोंडाशी धरली. डोळ्यांत पाणी आणून. नाही म्हटलं असतं तर दोन्ही घरांची नातवंडंही एकमेकांशी बोलली नसती. खाल्ली. छान होती, ते खोटं कशाला सांगू.

मग गाव सोडून कालव्याच्या कडेने चालायला लागले, तिथे फाटकं नाहीत. पण म्हातारी बाई एकटी, काठी टेकत, रोज गावाबाहेर जाते म्हणजे काय? लोकांनी ठरवलं की सुनेने हाकलली. ट्रॅक्टरवाल्याने मला उचलून घरी आणलं, मक्सातला अंगणात उभा करून झाडलं आणि "आधी हिला जेवू घाला" म्हणून स्वतः ताटापाशी बसून राहिला. जिपारची मान खाली. माझी पोरीसारखी सून, तिची अशी बदनामी. मी जेवले, कारण तो उठेना.

एवढं झाल्यावर कुणीही हाय खाल्ली असती. मी मात्र एक युक्ती काढली. मेजवानीतून उरलेलं फडक्यात बांधून घरच्यांसाठी न्यायचं, हाही आपला रिवाजच. म्हणून फडकं घेऊन निघाले. फाटकात नान आली की तुकडा मोडायचा, ओठांना टेकवायचा, आशीर्वाद द्यायचा आणि म्हणायचं, घरच्यांचा वाटा नेते गं. लोक खूश, उलट जास्तच बांधून देत. घरी आल्यावर फडकं गोठ्यात तोरूसमोर सोडायचं. तो नान खातो, बोरसोक खातो, मुरंब्याला ओठ लांब करतो. मी कोरडी, तो तृप्त. आणि ऐक, परवा पुन्हा लोकरीच्या काट्यावर उभी राहिले, तर काटेवाल्याने दोनदा चष्मा पुसला. मी हलकी झाले होते. नुसती हलकी नाही, मक्सातने मागितली होती त्याहून हलकी. स्कर्टाची नाडी दोन वेढे घेते आता. मक्सात काट्याकडे बघून म्हणाला, "चल आपा, यंदा तोरूवरूनच." मी गोदामात रडले, सगळ्यांदेखत. एडकाही तिथेच होता.

तेव्हा मुली, माणसाने मनावर घेतलं की काय होत नाही. तूही गुडघ्यांचं रडगाणं सोड आणि चालायला लाग. सगळ्यांना आशीर्वाद, लहानग्यांचे मुके.

तुझी (आता सडपातळ) एजे,
कालिपा

ता. क. जावईबापूंसाठी उंटाच्या लोकरीचे मोजे विणलेत. गेल्या वर्षी पाठवले होते ते तू कुठे ठेवलेस हे तुला आठवणार नाही, म्हणून पुन्हा.

ता. क. दुसरा. वरचं पत्र परवा लिहून झालं होतं. हे आज लिहितो आहोत, मक्सात मेंढरांकडे गेल्यावर. काल जिपार पलीकडच्या वाडीतून मीठ आणायला तोरूवरून गेली. ही पोर म्हणजे चाबकाची काठी, वजन कसलं ते नाही. परत येताना ओढ्याच्या मधोमध तोरू बसला. तिच्याखाली. आधी पुढचे पाय, मग मागचे. ती भिजून घरी आली आणि गोठ्यातच मला सगळं सांगितलं. म्हणजे खोट माझ्यात नव्हतीच. तो म्हातारा झालाय, सायरा. ओढा लागला की त्याचे पाय म्हणतात, बस आता.

मक्सातला हे कळलं तर काय होईल ते तुला ठाऊक आहे. वाईट नाही तो, पण पाण्यात बसणारा घोडा हिवाळ्यापर्यंत कोण ठेवतं? नवा घोडा माझ्यासाठी येईल, मी त्यावरून थाटात कुरणावर जाईन आणि पहिल्या बर्फाला तोरूच्या मांसाची लांब सॉसेजं आढ्याला टांगलेली असतील. तोरूने माझ्या हातचा मुरंबा खाल्लाय. जिपारने नवऱ्याला काही सांगितलं नाही. ओढ्यात माझा पाय घसरला म्हणाली. (लग्न झाल्यापासून त्याच्याशी बोललेलं हे पहिलं खोटं, असं ती म्हणते. मी विश्वास ठेवते.)

आम्ही दोघींनी ठरवलंय. निघायच्या आधी मी पुन्हा जड व्हायचं, इतकं की काटा बघून मक्सातनेच सांगावं, आपा, तू राहा, आणि म्हातारीला दवाखान्यात न्यायला-आणायला घोडागाडीला जुंपून तोरूलाही इथेच ठेवू. गाडीच्या वाटेत ओढा नाही. उन्हाळाभर तोरू आणि मी कुंपणं आणि कोंबड्या बघू. आज सकाळी तोक्तोबूकडे जाऊन दोन वाट्या साय खाल्ली. ती आनंदाने रडली.

ता. क. तिसरा. तोरू जिपारखाली बसला, ही गोष्ट तू विसर. आयुष्यभर तुला आठवण ठेव म्हणून ओरडत आले, आज पहिल्यांदा विसर म्हणते, आणि हे तरी तुला जमेलच. पण पुढचं विसरू नकोस. येत्या गाडीने तिळाच्या हलव्याचा मोठा डबा, सोललेले अक्रोड, पुलावाचा तांबडा तांदूळ आणि शेपटीची चरबी खारवून पाठव. खडीसाखरही पाठव, ती गोठ्यातल्यासाठी. ती मात्र थोडीच पाठव, तो फार जाड झालाय.