काकांच्या ताटातला मोठा मासा

सवाई बेट, सामोआ
१५ एप्रिल १९९१

प्रिय इयाकोपोदादा,

तालोफा. आम्ही सगळे बरे आहोत. ऑकलंडला आता थंडी पडू लागली असेल, कामावर जाताना छाती झाकत जा.

तू पाठवलेले पत्रे पोचले. वादळाने नेलेलं छप्पर पुन्हा चढलं आणि आई कोरड्या चटईवर झोपू लागली. रोजच्या प्रार्थनेत तुझं नाव घेते. माझं घेत नाही, मी समोरच असते ना. तुझे उपकार कसे मानू, कळत नाही.

तू विचारलंस, घरातली सगळी मतं काकांनाच पडली ना? सांगते. आधी दुसरी गंमत ऐक.

आजवर मत फक्त कुटुंबप्रमुख मताईंना होतं. निवडणूक आली की काका मतांसाठी वाटेल त्याला मताईची पदवी द्यायचे, आठवतं? आपल्या घरात भांड्यांपेक्षा कुटुंबप्रमुख जास्त झाले होते. या वेळी सगळ्यांनाच मत, म्हणून काका बायकांच्या बैठकीत येऊन बसले. "मुलींनो, मला मत द्याल का?"

फुआतिनो आत्या म्हणाली, "आजवर तू आमच्याकडे फक्त कोको मागितलास रे. हे मागणं नवीन आहे."

सगळ्या हसल्या. काकाही हसले.

पण दादा, हे मत मला काकांमुळेच मिळालं. गेल्या वर्षी सगळ्यांना मत द्यावं का, यावर कौल घ्यायचा होता तेव्हा गावच्या बैठकीत बाकीचे मताई त्यांना म्हणाले, "बसला आहेस ती फांदीच तोडतोस की." काका म्हणाले, "माझ्या पुतणीने शिकवलेली पोरं सरकारात बसली, आणि तिला मत नाही? तुटू दे फांदी."

आणि तुटली. काका हरले, तोआफा निवडून आला.

त्या दिवसापासून माझ्या घशाखाली घास उतरेना. बाबा गेल्यावर आपल्याला त्यांनीच वाढवलं. त्यांनी तोंड फिरवलं असतं तर मी कुठे गेले असते?

काल रविवारी चर्चनंतर नेहमीसारखं त्यांचं ताट आधी वाढलं. भट्टीतला सगळ्यात मोठा मासा अख्खाच्या अख्खा ठेवला आणि पंख्याने माश्या वारत बसले. काका ताटाकडे बघत राहिले.

"पेनीना, इतकी वर्षं मला अर्धा मासा मिळतो. आज अख्खा?"

मी मान खाली घातली.

"तोआफाला दिलंस ना मत?"

"तो पाण्याचे नळ घालणारा माणूस आहे, काका," मी म्हणाले. "आपल्या गावच्या पोरी अजून बादल्या वाहतात. तुम्ही पंधरा वर्षं निवडून आलात." आणि मला रडू फुटलं.

काकांनी मासा मधोमध मोडला आणि अर्धा माझ्यापुढे सरकवला. "खा. बादल्यांचं माझ्याही लक्षात आहे." मग म्हणाले, "पुढच्या रविवारी नेहमीएवढाच वाढ. मत गुप्त असतं म्हणे. तू असे मासे वाढलेस तर गावभर होईल."

दादा, मी तो अर्धा मासा खाल्ला. इतक्या दिवसांनी पोटभर जेवले.

तू रागावलास तर मला लिही, काकांना काही बोलू नकोस.

तुझी धाकटी बहीण, आणि अजूनही काकांचीच पुतणी,
पेनीना