चष्मेवाल्यांची बाजू

शनिवार, १९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हणावं. म्हटलं तरी ती चढणारच. इकडे सगळं तसंच. आईच्या खोलीतला गळका नळ दुरुस्त करून घेतला. आत्ताच का, ते विचारू नकोस. शेजारच्या काकू रोज डबा आणून देतात आणि रोज विचारतात, "काही फरक?" मी म्हणते, "नाही." त्या म्हणतात, "नाही कसा, असेल," आणि जातात.

काल हॉस्पिटलात आईपाशी तासभर बसले. मशीन श्वास घेतंय, तिची छाती वरखाली होतेय. नर्सने तिची वेणी घातली आहे. सैल, तिने लगेच सोडून पुन्हा घातली असती अशी.

पुढचं फोनवर सांगायला हवं होतं. पण परवा फोनवर तू रडलास, आणि रडणाऱ्या माणसाला "थांब, मी सांगितलं ते खरं नव्हतं" असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून हा ईमेल. निघण्याआधी वाच.

आमचं शनिवारचं मंडळ तुला माहीत आहे. तूच त्याला 'रिकामटेकड्यांची शाळा' म्हणायचास. वाचनालयाच्या वरच्या खोलीत मी ते चालवते. दारावर पाटी आहे: तत्त्वज्ञानावर गप्पा, मोफत, काहीही वाचून यायची गरज नाही. आई पहिल्यांदा आली ती माझी लाज राखायला, खुर्च्या रिकाम्या दिसू नयेत म्हणून. "फुकट म्हणतेस, पण डोकं माझंच झिजणार ना?" असं म्हणत बसली, आणि नंतर एक शनिवार चुकवला नाही.

मंडळाचा एक नियम आहे. आधी ज्याने त्याने आपलं मत सांगायचं. मग समोरच्याशी खुर्ची बदलायची आणि त्याचं मत मांडायचं, 'मी' म्हणूनच, इतकं नेटकं की त्याने म्हणावं, "हो, मला हेच म्हणायचं होतं." नवख्यांना ऐकायची सवय लागावी म्हणून मीच हा नियम केला. मला त्याचा अभिमान होता.

उन्हाळ्यात एकदा विषय होता, माणसाला किती काळ जगवत ठेवावं. आईसमोर चष्म्याच्या दुकानाचे मालक होते; मंडळात सगळे त्यांना चष्मेवालेच म्हणतात. त्या दिवशी आई ताठ बसून म्हणाली, "मला नळ्या लावून ठेवू नका. श्वास माझा असेल तर घेईन, उसना नको."

हेच मी डॉक्टरांना सांगितलं. हेच तुला सांगितलं. तू म्हणालास, "आईच बोलली ना? मग नाही म्हणणारा मी कोण?" आणि सोमवारी मशीन काढायचं ठरलं.

काल चष्मेवाले तिला बघायला आले. काचेबाहेर उभे होते. मी त्यांनाही ते वाक्य ऐकवलं. आता ते मला पाठच झालंय.

"ताई, ती बाजू माझी होती," ते म्हणाले. "तोवर आमच्या खुर्च्या बदलून झाल्या होत्या."

"आणि तिची?"

"ती त्यांनी खुर्च्या बदलायच्या आधी सांगितली. तुम्ही तेव्हा खाली गेला होतात, किल्लीवरून शिपायाशी भांडायला. त्या म्हणाल्या, 'मला ठेवा. कोणी हात धरतंय तोवर ठेवा. ओझं झाले तर झाले. ही दोन पोरं मला काय पिसासारखी हलकी होती?' आम्ही सगळे हसलो."

मी चिडले. म्हटलं, तुमची आठवण चुकत असेल. "असेलही," ते म्हणाले. भला माणूस.

पण चूक त्यांची नव्हती, दादा. आई नेहमी दाराकडच्या खुर्चीत बसायची. ते वाक्य बोलताना ती खिडकीकडे, चष्मेवाल्यांच्या खुर्चीत होती. डॉक्टरांशी बोलतानाही ती मला खिडकीकडेच दिसत होती. मी पाहिलं, आणि पुढे बोलत राहिले. मी थकले आहे. मला सुटका हवी होती, आणि ती तिच्या तोंडून मिळालेली हवी होती.

अजून एक राहिलं. त्या दिवशी घरी येताना मी तिला विचारलं होतं, "आई, खरं तुझं मत काय गं?" ती म्हणाली, "मघापर्यंत ठाऊक होतं. त्या माणसाचं बोलले आणि मला माझंच पटेना. झोपून बघते, सकाळी सांगते."

सकाळी मला कामावर जायची घाई होती. मी विचारलं नाही.

आज मंडळ बंद ठेवलं आणि डॉक्टरांना भेटून माझं बोलणं मागे घेतलं. "मग त्यांची इच्छा काय होती?" त्यांनी विचारलं. "माहीत नाही," म्हटलं. सोमवारचं त्यांनी थांबवलंय. ती शुद्धीवर येणार नाही हे मात्र पुन्हा सांगितलं, आणि म्हणाले, तुम्ही दोघं मिळून ठरवा.

तेव्हा तू आलास की आपण आईच्या नावाने काही बोलायचं नाही. जे म्हणू ते आपलं म्हणून. माझं आत्ताच सांगते, म्हणजे तुला ते माझ्या तोंडावर शोधत बसायला नको: मशीन काढावं. हे तिचं नाही, माझं आहे. तू ठेवूया म्हणालास तर मी वाद घालणार नाही. ती आहे तोवर तिचा हात धरून बसेन.

पण "आईचीच तशी इच्छा होती" असं आता आपल्याला कधीच कुणाला सांगता येणार नाही. तो आधार तुला मी दिला होता, आणि मीच काढून घेते आहे.

रागावून ये, पण ये.

अजूनही म्हणणार असशील तर,
तुझी धाकटी बहीण